बाळू पालवणकर : एका गोलंदाजाचे चरित्र

थोरांची चरित्रे वाचावीत असा उपदेश आम्ही शिक्षक नेहमी करीत असतो. परंतु ती चरित्रे बहुधा राजांची, सेनापतींची, ग्रंथकारांची अथवा समाजसुधारकांची असतात. मैदान झाडण्याच्या कामापासून ज्याने आपल्या आयुष्यास आरंभ केला आणि केवळ चेंडू टाकण्याच्या कौशल्यावर ज्याने साऱ्या हिंदुस्थानात व इंग्लंडातही नाव मिळविले, अशा पुरुषाचे चरित्र क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळते. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. हे चरित्र दूरदेशीचे नाही. वरवंडाहून केडगाव स्टेशन गाठून पुण्याची गाडी धरली, तर ज्या शहरात उतरावयाचे त्याच शहरात या पुरुषाची उमेदवारी झाली.

बाळूंचा जन्म सन १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरूनच पालवणकर हे आडनाव पडले. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. अस्पृश्य या शब्दाचा अर्थ आजच्या मुलांस नीट उमगणार नाही, म्हणून सांगतो. गावच्या विहिरीवर पाणी भरावयाचे नाही, देवळाची पायरी चढावयाची नाही, शाळेत इतर मुलांपासून दूर बसावयाचे, आणि आपण स्पर्श केलेली वस्तू दुसऱ्याने विटाळली म्हणून टाकून द्यावयाची, असा तो जन्मभराचा दंड होता. आणि तो कोणत्याही अपराधावाचून, केवळ जन्मामुळे भोगावा लागे.

वडील लष्करी खात्यात चाकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. लष्कराच्या वस्तीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. खेळून जुन्या झालेल्या बॅटी व चेंडू ते टाकून देत, आणि बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम ते उचलून आणून खेळत. खेळाची पहिली ओळख झाली ती अशी, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर. घरची स्थिती बेताची असल्यामुळे शिक्षण लवकरच सुटले व नोकरी पाहणे भाग पडले.

पहिली नोकरी लागली ती पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबात. पगार दरमहा ३ रुपये. काम म्हणजे खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे, आणि सभासदांपैकी कोणास सराव करावयाचा असला तर मधूनमधून चार चेंडू टाकणे. पुढे सन १८९२ च्या सुमारास पूना क्लब या युरोपियन लोकांच्या क्लबात त्यांना जागा मिळाली आणि पगार १ रुपयाने वाढून ४ रुपये झाला. येथे खेळपट्टीची निगा राखावयाची, सरावासाठी जाळी उभारावयाची, आणि प्रसंगी टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेषाही आखावयाच्या. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने या पोऱ्याच्या हातातील गुण प्रथम ओळखला व त्याने सभासदांस चेंडू टाकावेत असे सुचविले.

बाळू डाव्या हाताने व मंद गतीने चेंडू टाकीत. मंद चेंडू म्हणजे सोपा चेंडू असे पुष्कळ मुलांस वाटते. तसे मुळीच नाही. वेगवान गोलंदाज फलंदाजास विचार करण्यास वेळ देत नाही. मंद गोलंदाज वेळ देतो आणि त्या वेळातच त्याला फसवितो. चेंडू हवेत किती उंच सोडावा, कोठे टिपावा, किती फिरवावा आणि कोणता मुळीच न फिरवता सरळ जाऊ द्यावा, यात त्याची सारी विद्या असते. ही विद्या शिकविण्यास बाळूंस कोणी गुरू नव्हता. त्यांनी ती रोज तासन्‌तास चेंडू टाकून, समोरच्याचे पाय कसे हलतात हे पाहून, स्वतःच मिळविली.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. इंग्लंडात ते हॅम्पशायर परगण्याच्या संघाकडूनही खेळले. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी ते ८ आणे बक्षीस देत, असे सांगतात. सोळा आण्यांचा एक रुपया होत असे, हे ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. रोज एकदा जरी साहेब बाद झाले, तरी महिन्याकाठी १५ रुपये होत, म्हणजे पगाराच्या जवळजवळ चौपट! मात्र एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती त्या क्लबात बॅट म्हणून कोणी कधी दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची मौज, आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी तेथील वाटणी होती.

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंनी युरोपियन संघाशी सामने खेळण्याचे ठरविले तेव्हा मोठा पेच पडला. युरोपियनांच्या फलंदाजीची खडान्‌खडा माहिती असलेला गोलंदाज याच शहरात आहे, परंतु तो अस्पृश्य. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे? वाद झाला. काहींनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळूंस संघात घेण्यात आले. हा निर्णय न्यायबुद्धीने झाला असे आम्ही म्हणत नाही. गरजेपोटी झाला, असेच म्हणावे लागते. मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे, तोच इतर खेळाडू झेलीत, अडवीत व परत फेकीत. त्या चेंडूस विटाळ नव्हता. परंतु चहाची वेळ झाली की सवंगडी आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तो बाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून मिळे. तोंड धुवावयाचे झाले तर त्यांच्याच समाजाचा एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवणही वेगळे, वेगळ्या ताटात. ज्या हाताने संघाला जय मिळवून दिला, तो हात पंक्तीला चालत नसे.

तरीही संघाचे जय वाढत गेले. पुण्याच्या युरोपियन संघाचा पराभव झाला. साताऱ्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती टणक करून ठेविली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी ७ गडी बाद केले आणि हिंदू संघ जिंकला. पुण्यास परतल्यावर या संघाचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी अशा प्रसंगी संघातील मंडळींस स्पष्ट बजाविले की, ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला. रानडे व टिळक यांचे सामाजिक प्रश्नांवर किती मतभेद होते, हे इतिहासाच्या वर्गात विद्यार्थ्यांनी ऐकलेच असेल. तथापि या एका गोलंदाजाच्या गुणाविषयी दोघांचे एकमत झाले.

सन १८९६-९७ मध्ये प्लेगने मुंबई व पुणे ही शहरे हवालदिल करून सोडली. त्या सुमारास बाळूंचे कुटुंब पुणे सोडून मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांनी पुन्हा जातीचीच हरकत घेतली. परंतु कीर्तिकर या कप्तानांनी आग्रह धरल्यामुळे ते आत आले. पोटासाठी त्यांनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. तीन रुपयांच्या झाडूवाल्यापासून येथवर ते पायरीपायरीने आले, आणि प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

मुंबईत त्या काळी युरोपियन व पारशी यांच्यातील वार्षिक सामने प्रसिद्ध होते. सन १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघ प्रथमच युरोपियनांपुढे उभा राहिला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या; युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांवर आटोपले. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले, आणि त्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाद केले. शिवरामही त्याच संघात होते. या विजयाचा आनंद राज्यकर्त्यांस हरविल्याचा होताच. परंतु सुधारक मंडळींस त्याहून अधिक आनंद वाटला तो निराळ्या गोष्टीचा. हिंदू जिमखान्याने पालवणकर बंधूंस आपल्या भोजनगृहात इतरांबरोबर बसू दिले होते. पुण्यातील मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या या मेजापर्यंतचे अंतर तोडण्यास सुमारे दहा वर्षे लागली. पुढे सन १९०७ मध्ये पारशी संघ मिळून हे सामने तिरंगी झाले, आणि सन १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्याने चौरंगी. मुंबईच्या मैदानावर हजारो लोक ते पाहावयास जमत.

सन १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडास गेला. बाळू तेव्हा पस्तिशीत होते आणि खांद्याच्या दुखण्याने बेजार होते. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक, आणि संघास तेथील थंड हवेची व ओल्या मैदानांची सवय नव्हती. संघाने २३ सामने खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ गमाविले व २ अनिर्णित राहिले. अशा हरणाऱ्या संघात राहूनही बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी १९ हूनही कमी धावा दिल्या. लेस्टरशायरचा पराभव झाला त्या सामन्यात त्यांनी ११ गडी टिपले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे एका डावात ८ गडी त्यांनी बाद केले. त्या काळचा इंग्लंडचा डावखुरा गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स जगात श्रेष्ठ मानला जाई, आणि जाणकार लोक बाळूंची तुलना त्याच्याशी करीत. संघ हरत असताना ज्याचे काम बिघडत नाही तोच खरा खेळाडू, असे आम्हांस वाटते.

बाळू परत आले तेव्हा मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार करून मानपत्र अर्पण केले. त्या समारंभात एका वीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने पुढाकार घेतला होता, असे चरित्रकार सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या काळी अस्पृश्यांच्या मुलांपुढे आपल्यातला म्हणून दाखविता येईल असा कीर्तिमान पुरुष जवळजवळ नव्हता, त्या काळी बाळूंचे नाव घरोघर घेतले जात असे.

बाळूंचे तीन भाऊ शिवराम, विठ्ठल व गणपत हेही नाणावलेले खेळाडू झाले आणि चौघेही हिंदू संघातून खेळले. एका घरचे चार भाऊ आणि चौघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू, हे दृश्य दुर्मिळच. परंतु वर्षांमागून वर्षे गेली, तरी संघाचे कप्तानपद बाळूंस मिळाले नाही. अनुभवाने व कर्तृत्वाने त्यांच्याहून मोठा कोणी नव्हता. अडचण होती ती एकच, आणि ती खेळाबाहेरची. खुद्द कप्तान पै यांनी सन १९१३ मध्ये एका सत्कारप्रसंगी बोलून दाखविले की, हा मान वास्तविक बाळूंचा होता. पै यांच्या या उदारपणाचे कौतुक करावे तितके थोडे. तथापि त्यामुळे व्यवस्थापक मंडळाचे मन पालटले नाही.

सन १९२० मध्ये गोष्ट निकरावर आली. त्याच वर्षी गणपत यांचे अकाली निधन झाले होते. पै आजारी असल्यामुळे नवा कप्तान नेमावयाचा होता. बाळूंस संघातूनच वगळण्यात आले आणि कप्तानपद पुण्याचे प्रा. देवधर यांस देण्यात आले. देवधर हे थोर फलंदाज होते यात शंका नाही, आणि दोष त्यांचा नव्हे. परंतु शिवराम व विठ्ठल हे त्यांच्याहून जुने व अनुभवी होते. दोघा भावांनी संघातून नाव काढून घेतले व त्याचे कारण जाहीरपणे सांगितले. सार्वजनिक मत खवळले. अंतिम सामन्याच्या वेळी पै बरे होऊन परत आले, पालवणकर बंधू परत आले, बाळूंस उपकप्तान नेमण्यात आले. आणि सामना चालू असता पै मधूनमधून मैदानाबाहेर जात, तेव्हा काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती येत. चव्वेचाळीस वर्षांच्या वयात, तेही उसने, एवढेच कप्तानपद त्यांना लाभले.

परंतु त्या झगड्याचे फळ वाया गेले नाही. सन १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षी संघाने युरोपियनांवर विजय मिळवून चौरंगी सामने जिंकले. जमलेल्या लोकांनी विठ्ठल यांस खांद्यावर उचलून घेतले. ज्याच्या थोरल्या भावाने मैदानाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा घेतला होता, त्याला आता उच्च जातीचे लोक खांद्यावर मिरवीत होते. विठ्ठल यांनी पुढे सन १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन या नावाने मराठीत आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ते या घराण्याच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. सन १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनी उपोषण आरंभिले आणि पुणे करार घडून आला, तेव्हा वाटाघाटींत बाळूंचा भाग होता व करारावर त्यांचीही सही आहे. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, या प्रश्नावर बाळूंचे मत संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते आणि डॉ. आंबेडकरांचे मत निराळे होते. ज्या तरुणाने एके काळी त्यांच्या सत्कारात भाग घेतला, त्याच्याचविरुद्ध सन १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत बाळू काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ मते मिळाली व बाळूंस ११,२२५. बाळू पराभूत झाले. दोघांनाही आपल्या समाजाचे कल्याणच हवे होते, मार्ग मात्र दोन होते. त्या समाजाने आपला पुढारी म्हणून आंबेडकरांस निवडले, हे इतिहासाने दाखविले आहे. बाळूंची थोरवी आपण राजकारणात न शोधता मैदानावरच शोधावी.

ता. ४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर यांचे मुंबईत निधन झाले. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, गड्यामागे सरासरी सुमारे १५ धावा देऊन. हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला तो सन १९३२ मध्ये आणि रणजी करंडकाचे सामने सुरू झाले ते सन १९३४ मध्ये. तोवर बाळूंचे खेळण्याचे दिवस संपले होते. म्हणून नामावळ्यांत व तक्त्यांत त्यांचे नाव सहसा सापडत नाही.

विद्यार्थीहो, या चरित्रापासून कोणी एवढाच बोध घेईल की श्रम केले म्हणजे सर्व काही मिळते. तो बोध अपुरा आहे. बाळूंनी श्रमांत कसूर केली नाही, तरी कप्तानपद त्यांना मिळाले नाही. श्रमाने त्यांना मैदानापर्यंत नेले. तेथून पंक्तीपर्यंत आणि कप्तानपदापर्यंत जावयाचे, तर दुसऱ्या कोणीतरी उठून बोलणे अवश्य होते. रानडे बोलले, कीर्तिकर बोलले, पै बोलले, आणि शेवटी धाकट्या भावांनी आपले स्थान पणास लाविले, तेव्हा ते दार उघडले. तेही थोरल्यासाठी नव्हे, तर त्याच्या पाठच्या भावासाठी. तुम्हांपैकी फार थोडे जण बाळूंसारखे गोलंदाज होतील. परंतु वर्गात, मैदानावर, डबा खाण्याच्या वेळी, एखादा मुलगा वेगळा बसविला जात असेल, तर पै यांच्याप्रमाणे हे योग्य नव्हे असे म्हणण्याची संधी तुम्हांपैकी प्रत्येकास केव्हा ना केव्हा येईल.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा संध्याकाळी खेळून घरी आला म्हणजे तो जिंकला की हरला, हे आपण अवश्य विचारावे. आणि तो कोणाकोणाबरोबर खेळला, व खेळ संपल्यावर ते सारे एकाच ठिकाणी पाणी प्याले की नाही, हेही त्याला विचारावे.